कुंपणाआड आई

डेल्फीच्या केसांतून पहिली पिन निघाली तेव्हा तिला वाटलं, मागून कुणीतरी थट्टेनं ओढली. ती रागानं वळली. मागं कुणी नव्हतं. तेवढ्यात दुसरी निघाली, आणि ही मात्र तिनं डोळ्यांनी पाहिली. कानाजवळून सुटली ती थेट समोरच्या काळ्या लोखंडी धुडाला जाऊन चिकटली. अंबाडा सुटून केस खांद्यावर आले. रोज ती शेजारच्या खोलीत बसायची. आज मुकादमबाईंनी निरोप देऊन पहिल्यांदाच या मोठ्या दालनातून पाठवलं होतं. पिना काढून ठेवायच्या असतात एवढंही कळत नाही का, असं मुकादमबाईंनी दारातूनच सुनावलं आणि पाय उचल म्हणाल्या. डेल्फीनं पाय उचलले. जे पिनांना ओढतं ते आपल्या अंगातलं आणखी काय काय ओढत असेल, एवढंच तिच्या मनात होतं.

विचारायची सोय नव्हती. टेनेसीच्या त्या डोंगरांत, क्लिंच नदीच्या काठानं, ऐन लढाईत सरकारनं तारेचं कुंपण घातलं आणि आत रातोरात गाव उभं केलं, त्या गावात प्रश्न विचारणं हाच मोठा गुन्हा होता. रोज आगगाड्या भरभरून माल आत जायचा. बाहेर काय यायचं, तर काही नाही. डेल्फीसारख्या कितीतरी पोरी उंच स्टुलांवर बसून दिवसभर काट्यांकडे बघत राहायच्या. काटा उजवीकडे सरकला की ही मूठ फिरवा, डावीकडे सरकला की ती फिरवा, काटा मध्यावर ठेवा आणि गप्प बसा. काटा कशाचा, मूठ कशाची, हे सांगणारं कुणी नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं ते आपली सावलीसुद्धा आपल्याशी बोलू नये अशा बेतानं चालायचे. नाक्यानाक्यावर पाट्या लावल्या होत्या, तोंड मिटा आणि लढाई जिंका.

डेल्फीच्या शेजारच्या खाटेवर मॅव्हिस नावाची अलाबामाची मुलगी राहायची. मनानं निर्मळ, पण जिभेला हाड नाही. एकदा दुपारच्या जेवणाला सगळ्यांच्या देखत ती म्हणाली, "काय गं, आपण इथं शिजवतोय तरी काय? वर्षभर चूल पेटलीय आणि ताटात काही पडत नाही." पोरी हसल्या, डेल्फीही हसली. संध्याकाळी डेल्फी खोलीवर आली तर मॅव्हिसची गादी गुंडाळून ठेवलेली होती. वसतिगृहाच्या बाईंनी सांगितलं की ती घरी गेली, आईची तब्येत बिघडली म्हणून. मॅव्हिसची आई तिच्या लहानपणीच वारली होती, हे डेल्फीला ठाऊक होतं. खाटेखाली मॅव्हिसचे रविवारचे जोडे तसेच राहिले होते. ज्या मुलीनं सहा महिने पै-पै साठवून ते लाल जोडे घेतले ती ते टाकून जाईल, हे डेल्फीला मरेपर्यंत पटलं नसतं. ते जोडे तिनं आपल्या पेटीत ठेवून दिले.

त्यानंतर काही दिवसांतच तिला एका कचेरीत बोलावणं आलं. टेबलामागं मिस्टर स्प्रेग नावाचे गृहस्थ होते. बोलणं मऊ, नखं स्वच्छ, आणि समोर थंड कोकाकोलाची बाटली ठेवून आग्रह करणारे. असल्या माणसाची जास्त भीती वाटते. तुझ्यासारख्या सरळ घरातल्या मुलीची देशाला गरज आहे, म्हणाले. काही मोठं करायचं नाही, नुसते कान उघडे ठेवायचे आणि कुणी वेडंवाकडं बोललं तर इथं येऊन सांगायचं.

"असे आणखीही बरेच जण आहेत," ते म्हणाले. "ते कोण हे तुला कळणार नाही, तू कोण हे त्यांना कळणार नाही. फक्त एक ध्यानात ठेव. दोघांनी एकच गोष्ट ऐकली आणि एकानंच येऊन सांगितली, तर दुसऱ्यानं का नाही सांगितली, हे आम्हाला विचारावं लागतं."

डेल्फीच्या डोळ्यांपुढं ती गुंडाळलेली गादी आली. ती हो म्हणाली. पुढं अनेकदा तिनं स्वतःला विचारलं की नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं, पण त्या खोलीत, त्या खुर्चीवर, नाही हा शब्द तिला आठवलाच नाही. घाबरलेलं माणूस काय वाटेल त्याला हो म्हणतं. मग ती अधूनमधून जायची आणि काहीतरी निरुपद्रवी सांगून यायची. अमकीनं खानावळीतल्या कोबीला शिव्या दिल्या, तमकी चिखलाला वैतागलीय, असलंच काहीतरी. स्प्रेगसाहेब मान डोलवायचे.

आता तिच्या बापाविषयी सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्याच्याच तोंडून घडलं. हॉबर्ट रेबीचं शेत याच कुंपणाच्या आत होतं. एका सकाळी दाराला सरकारी कागद ठोकलेला सापडला आणि गवत कापायच्या आत घर सोडावं लागलं. मोबदला मिळाला तो हसावं की रडावं असा. हॉबर्ट कुंपणाबाहेर मेहुणीकडे, कॉर्डीकडे, राहायला गेला. जमीन गेली, गोठा गेला, ते त्यानं गिळलं. पण त्याची बायको वरच्या टेकाडावर सीडरच्या झाडांखाली पुरलेली होती, ती आतच राहिली. म्हणून त्यानं आत सुतारकाम धरलं. चिखलावर टाकलेल्या फळ्यांच्या वाटा तो दुरुस्त करायचा. ज्यांनी घर पाडलं त्यांच्याच फळ्या ठोकतोस होय रे, असा टोमणा बाहेरच्या लोकांनी मारला की तो म्हणायचा, "फळ्या ठोकायला कोण जातंय? मी बायकोला भेटायला जातो. ते फळ्या ठोकू देतात, ही त्यांची मेहरबानी."

छातीवरचा बिल्ला दाखवला की फाटक उघडायचं. दर रविवारी चर्च झालं की तो आत जायचा, टेकाड चढायचा आणि बायकोशी बोलत बसायचा. अगदी मोठ्यानं बोलायचा. कॉर्डीच्या घेवड्याला फुलं आली, शेजाऱ्यांची गाय व्याली, डेल्फी वाळलीय, नीट जेवत नाही, असं आठवड्याचं सगळं तिला सांगायचं. एकदा डेल्फी त्याच्या मागोमाग गेली आणि झाडाआड उभी राहून तिनं हे ऐकलं. तिला पाहून हॉबर्ट कानापर्यंत लाल झाला. "कुणाजवळ बोलू नकोस हं, पोरी," तो म्हणाला. "लोक म्हणतील, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं." डेल्फीनं वचन दिलं. कॉर्डीमावशीलासुद्धा ती कधी बोलली नाही.

पिनांची गोष्ट मात्र तिच्याच्यानं लपली नाही. त्या पिना तिच्या आईच्या होत्या. रविवारी चर्चला जाताना केस सुतळीनं बांधलेले पाहून हॉबर्टनं विचारलं, आईच्या पिना कुठं गेल्या. हरवल्या म्हटलं असतं तर बापाला वाईट वाटलं असतं, आणि दुसरं काही तिला सुचेना. शिवाय कुणालातरी सांगावं म्हणून ती आतल्या आत नुसती उकळत होती. तिनं एका वाक्यात सांगून टाकलं आणि लगेच त्याचा हात धरून म्हणाली, "बाबा, हे कुठं बोलायचं नाही. शपथ आहे." हॉबर्टनं मान डोलावली.

त्यांचं जुनं चर्चही कुंपणात गेलं होतं. मंडळींनी तिथले बाक खांद्यावरून वाहून आणले आणि बाहेरच्या एका तंबाखूच्या कोठारात मांडले. वरच्या वाशांना अजून वाळलेल्या पानांचा वास होता. प्रवचन संपलं की ब्रदर ॲमॉस विचारायचे, कुणाच्या मनावर काय ओझं आहे ते इथं ठेवा. मग एकेक जण उठून सांगायचा. तेही मोघम नाही. कुणासाठी, काय झालंय, कुठं दुखतंय, सगळं तपशीलवार. नाव-गाव नसलेली प्रार्थना रस्ता चुकते, अशी त्या डोंगरातल्या लोकांची पक्की समजूत होती. सगळ्यांची ओझी ठेवून झाली की सगळे गुडघ्यांवर यायचे आणि एकाच वेळी, ज्याच्या त्याच्या शब्दांत, मोठमोठ्यानं प्रार्थना करायचे. मोहोळ उठल्यासारखा आवाज व्हायचा. शेजारचा काय मागतोय हे कान देऊनही कळायचं नाही.

त्या दिवशी कुणाचा मुलगा फिलिपीन्सला लढत होता त्याच्यासाठी सांगून झालं, कुणाच्या मूतखड्यासाठी सांगून झालं, आणि मग हॉबर्ट उठला. डेल्फीनं त्याच्या कोटाची बाही धरली. त्यानं ती हळूच सोडवली.

"माझ्या डेल्फीसाठी मागा," तो म्हणाला. "आत ती ज्या यंत्रांपाशी असते ना, ती यंत्रं तिच्या केसांतल्या पिना ओढून घेतात. हात न लावता. पोलादी पिना, तिच्या आईच्या. मी अडाणी माणूस, मला काय कळतंय. पण रक्तात लोखंड असतं म्हणतात. देवानं माझ्या पोरीचं रक्त जागच्या जागी ठेवावं, एवढंच मागा."

बोलून तो बसला. त्या कोठारातल्या निम्म्याअधिक लोकांच्या छातीवर आठवडाभर बिल्ले असायचे, आणि आपण काय ऐकलं हे त्यांना चांगलं समजलं होतं. डेल्फीनं मान वर केली तर पलीकडच्या बाकावरून व्हर्लिन टॅकेट तिच्याकडे बघत होता. व्हर्लिन फाटकावरचा शिपाई. वसंतापासून तो या चर्चला यायला लागला होता, आणि इतके चकचकीत बूट घालून कोठारात कोण येतं, असं डेल्फीला तेव्हाच वाटलं होतं. त्यानं नजर काढून घेतली. सगळे गुडघ्यांवर आले, आवाज उठला, आणि तिच्या रक्तासाठी सगळी मंडळी देवाला साकडं घालत असताना डेल्फी एकच गोष्ट मागत होती, की व्हर्लिन बहिरा होवो.

प्रार्थना संपल्यावर ती बापाला म्हणाली की तुम्हाला शपथ घातली होती. हॉबर्टला खरोखर आश्चर्य वाटलं. "मी कुणाजवळ बोललो? देवाजवळ बोललो," तो म्हणाला. त्याच्या लेखी ती दोन वेगळी खाती होती, आणि त्याला दोष तरी काय द्यायचा? जन्मभर तो याच रीतीनं देवाशी बोलत आला होता. सरकार देवाच्या घरात कान लावून बसेल हे त्याच्या सात पिढ्यांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

पुढचे दिवस डेल्फीनं जीव मुठीत धरून काढले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं तिला जिकडेतिकडे व्हर्लिनचे बूट दिसायला लागले. खानावळीत, बसमध्ये, वसतिगृहाच्या पायऱ्यांवर. व्हर्लिननं सांगितलं असेल, तर आता स्प्रेगसाहेब तिला बोलावून विचारतील की तू का नाही सांगितलंस. मग बाप तर जाईलच, तीही जाईल, आणि कुठं जाईल कोण जाणे. मॅव्हिस कुठं गेली हे कुठं कुणाला कळलं? बापाचा बिल्ला गेला तर मजुरी जाईल, ती कशीही भरून काढता येईल. पण टेकाडावरची वाट बंद झाली तर तो माणूस जगणार कशावर? तो दर रविवारी जे सगळं ओतून येत होता ते नेऊन ओतणार कुठं?

आणि मग तिला एक युक्ती सुचली. घाबरलेल्या माणसाला सुचलेल्या युक्तीचा भरवसा धरू नये, पण तिनं धरला. आपणच आधी जाऊन सांगावं. असं सांगावं की गोष्ट हलकी व्हावी. म्हातारा आहे, भाबडा आहे, त्याचं बोलणं मनावर घेऊ नका.

स्प्रेगसाहेबांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पिनांचा उल्लेख आला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. ते गप्प राहिले की डेल्फी आणखी बोलायची, आणि बोलता बोलता जे बोलायचं नव्हतं तिथं जाऊन पोचली.

"त्यांच्या बोलण्याला काही अर्थ नसतो, साहेब," ती म्हणाली. "आई गेल्यापासून ते असेच झालेत. तिच्या थडग्याशीसुद्धा बोलतात. दर रविवारी. मनात येईल ते."

"थडगं कुठं आहे?"

"आतच आहे. आमच्या जुन्या शेतावर, टेकाडावर."

"म्हणजे आत येऊन, उघड्यावर, मोठ्यानं बोलतात."

"तिथं कुणी नसतं ऐकायला."

"तू होतीस की," स्प्रेगसाहेब म्हणाले.

साहेब उठले, तिच्यासाठी दार उघडून धरलं आणि म्हणाले की काळजी करू नकोस, वडिलांना नुसती समज देऊ. आपण बापाला वाचवून आलो की विकून आलो, हे तिला कचेरीच्या पायऱ्या उतरताना कळलं होतं. पण माणूस कळलेलं लगेच कबूल करत नाही. त्यांनी समज देऊ म्हटलंय, असं ती वसतिगृहापर्यंत स्वतःला सांगत गेली.

सुटीच्या दिवशी कॉर्डीमावशीकडे निघाली तर फाटकावर व्हर्लिन उभा होता. त्यानं तिचा बिल्ला तपासायच्या निमित्तानं तिला बाजूला घेतलं. आता आपली पाळी, असं म्हणून डेल्फीनं हात पुढं केले, बेड्या घालून घ्यायला करतात तसे. व्हर्लिन त्या हातांकडे बघतच राहिला.

"तुझ्या बाबांचा बिल्ला काल माझ्याच हातानं काढून घ्यायला लावला गं त्यांनी," तो म्हणाला. "म्हातारा म्हणाला, पिन जपून काढ, सदरा धड एकच आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं." मग आवाज आणखी खाली आणून तो म्हणाला, "मलाही बोलावलं होतं. त्या रविवारी काय झालं ते विचारत होते. मी म्हटलं, ब्रदर ॲमॉसचं प्रवचन सुरू झालं की मी घोरतो, हे सगळ्या डोंगराला ठाऊक आहे. मंडळीतल्या गिल्बर्टलाही विचारलं, धाकट्या नोराला विचारलं. कुणी काही ऐकलंच नव्हतं. सगळी मंडळी एका दिवशी बहिरी झाली. आता आधी त्यांच्या कानावर घातलं कुणी, तेच कळत नाही. आपल्यातलं कुणी नव्हे. आपल्यातलं कुणी असं करायचं नाही."

डेल्फीनं देवाजवळ व्हर्लिनच्या कानांचं मागितलं होतं आणि देवानं ते दिलं होतं. तिच्या जिभेचं मागायचं मात्र तिच्या ध्यानात आलं नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ. ती फाटकाबाहेर पडली आणि रस्त्याकडेच्या चरात वाकून सकाळचं सगळं खाल्लेलं ओकली.

कॉर्डीमावशीच्या ओसरीवर हॉबर्ट घेवडा सोलत बसला होता. मावशी सरकारला, साहेबाला, साहेबाच्या सात पिढ्यांना शिव्या घालत होती आणि मधूनच मेहुण्यालाही, की देवाला काय कमी ऐकू येतं का, मनातल्या मनात मागितलं असतं तर चाललं नसतं? हॉबर्टनं लेकीला एवढंच सांगितलं की माझं तोंड फार चालतं असं त्यांचं म्हणणं पडलं. आणखी काय म्हणाले, असं डेल्फीनं घाबरत विचारलं. तो म्हणाला, काही नाही, आणि शेंगांची पाटी तिच्याकडे सरकवली. दोघांनी मिळून घेवडा सोलला. मावशीनं मक्याची भाकरी आणि ताक दिलं. डेल्फीनं भाकरी तशीच ठेवली, आणि हॉबर्ट ते पाहत होता.

मेच्या शेवटी थडगी सजवायचा दिवस आला. त्या दिवशी सगळी घराणी आपापल्या माणसांची थडगी झाडून-पुसून फुलं वाहतात आणि तिथंच गवतावर बसून जेवतात. ज्यांची थडगी कुंपणात होती त्यांना सरकारनं त्या एका दिवसापुरतं आत सोडलं. फक्त हॉबर्टला सोडायचं नाही असा हुकूम होता. तरीही तो धुतलेला सदरा घालून फाटकापर्यंत आला. आठवडाभर बसून त्यानं लाल कागदाची फुलं केली होती, मेणात बुडवून, पावसात टिकावीत म्हणून. व्हर्लिन बुटांकडे बघत उभा होता. त्याच्या शेजारी आज दुसरा एक शिपाई होता, तो कानाडोळा करणाऱ्यांतला नव्हता.

हॉबर्टनं फुलं डेल्फीच्या हातात दिली. "तिला सांग..." तो म्हणाला, आणि थांबला. त्यानं शिपायाकडे पाहिलं, मागं पाहिलं, रस्त्यापलीकडच्या झाडांकडे पाहिलं. "काही नाही. नुसती ठेव," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा डेल्फीनं आपल्या बापाला बोलण्याआधी इकडेतिकडे बघताना पाहिलं. ते तिनंच त्याला शिकवलं होतं. टेकाडावर तिनं फुलं नुसती ठेवली, कॉर्डीमावशीनं आणलेली कोंबडी आणि सफरचंदाचा केक पानात घेतला, आणि गळा दुखतोय असं सांगून कुणाशी बोलली नाही.

ऑगस्टमध्ये एका सोमवारी रेडिओनं सगळं फोडलं. जपानमधल्या एका शहरावर एकच बॉम्ब टाकला, शहर गेलं, आणि त्या बॉम्बमधलं मूळ द्रव्य याच कुंपणाच्या आत, याच यंत्रांतून निघालं होतं. काल ज्या गावात कुणी ब्र काढत नव्हतं तिथं लोक भांडी बडवत रस्त्यावर आले, गाड्यांचे भोंगे वाजायला लागले, अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारायला लागली. लढाई आता संपणार, पोरं घरी येणार. डेल्फीही थोडी रडली, आनंदानं. मग ती खाटेवर बसली आणि तिला तिचा काटा आठवला. दिवसभर, महिनोन्‌महिने, ती तो काटा मध्यावर ठेवत होती. त्या शहरात केसांत पिना खोचणाऱ्या बायका असतीलच. त्यांच्या पिनांचं काय झालं असेल? तिला भीती वाटत होती ती यंत्रांची, स्प्रेगसाहेबांची, व्हर्लिनच्या बुटांची. खरी भीती आपल्याच हातांची वाटायला हवी होती, हे तिला त्या भांड्यांच्या गजरात समजलं. पेटी उघडून ती मॅव्हिसच्या लाल जोड्यांकडे कितीतरी वेळ बघत राहिली. चुलीवर काय होतं ते मॅव्हिसला आता कळलं असेल, ती जिथं असेल तिथं.

रविवारी कोठार गच्च भरलं होतं. ब्रदर ॲमॉसनी ओझी विचारली. आज बोलायला कुणाची बंदी नव्हती, त्यामुळे लोक भरभरून बोलले. कुणी देवाचे आभार मानले, फिलिपीन्सहून पोरगा येणार हे कुणी दोनदोनदा सांगितलं. कॉर्डीमावशी उठून म्हणाली की त्या तिकडच्या गावात लेकरं असतील, त्यांच्यासाठीही कुणीतरी मागा, आणि काही जणांना ते आवडलं नाही. मग हॉबर्ट उठला.

"माझ्या डेल्फीसाठी मागा," तो म्हणाला. "ती घाबरलीय."

ब्रदर ॲमॉस थांबले. रीतच तशी होती. "कशाला घाबरलीय, हॉबर्ट?"

"ते तिला ठाऊक आणि देवाला ठाऊक. मी सांगणार नाही."

त्या मंडळीत अजूनपर्यंत कुणी असं मोघम ओझं ठेवलं नव्हतं. ब्रदर ॲमॉस जरा घुटमळले, मग त्यांनी मान हलवली. सगळे गुडघ्यांवर आले आणि आवाज उठला. सगळ्या डोंगरात एवढी एकच जागा होती, जिथं माणूस मोठ्यानं बोललं तरी दुसऱ्याला ऐकू जात नव्हतं. डेल्फी सरकत सरकत बापाजवळ गेली आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन तिनं सांगितलं.

"बाबा, मी सांगितलं होतं. तुमचं नाव मी सांगितलं."

हॉबर्टनं डोळे उघडले नाहीत. "ठाऊक आहे, पोरी," तो म्हणाला. "मी थडग्याशी बोलतो, हे तो साहेब माझ्या तोंडावर म्हणाला. ते तुझ्याशिवाय कुणाला माहीत होतं?"

मे महिन्यापासून तो हे जाणत होता. घेवडा सोलताना, फुलं हातात देताना, सगळा वेळ. डेल्फीला वाटलं, त्यानं आपल्याला मारलं असतं तर फार बरं झालं असतं. तो म्हणाला, "आता तू जात जा. तुझ्याकडे बिल्ला आहे. तिला सगळं सांगत जा, माझं सांग, तुझंही सांग. ती कुणाकडे बोलायची नाही." आणि तो आपल्या प्रार्थनेकडे वळला.

डेल्फी त्याच दुपारी गेली. लढाई संपत आली तरी फाटक होतं तसंच होतं आणि व्हर्लिननं बिल्ला पाहून तिला आत सोडलं. टेकाडावर उन्हानं फुलांचं मेण वितळून दगडावर ओघळलं होतं. ती गवतात बसली. सांगायचं ते वाटेत तिनं जुळवून आणलं होतं. घेवडा संपत आला, मावशीचे गुडघे दुखतात, बाबा बरे आहेत. मग पिनांचं, स्प्रेगसाहेबांचं, काट्याचं, त्या शहराचं.

"आई," ती म्हणाली, आणि थांबली. उठून सीडरच्या झाडांपाशी गेली. ज्या झाडाआड उभं राहून तिनं एकदा बापाचं बोलणं ऐकलं होतं, त्याच्यामागं तिनं पाहिलं. कुणी नव्हतं. दुसऱ्या झाडामागं पाहिलं, तिसऱ्या झाडामागं पाहिलं. जे लपवायचं होतं ते आता साऱ्या जगाच्या वर्तमानपत्रांत छापून आलं होतं, हे तिला ठाऊक होतं. ती परत येऊन बसली. तोंड उघडलं, तर आवाज फुटेना. तिनं बराच वेळ वाट पाहिली. मग थडग्यावर उगवलेलं गवत उपटून काढलं, मेण नखानं खरवडलं, आणि फाटक बंद व्हायच्या आत खाली उतरली.